‘अजून किती शिकणार?’

परवा सकाळी ऐन डब्याच्या घाईत ताईचा फोन आला. एवढ्या सकाळी फोन म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मी ओळखलं. “अगं, तू तरी सांग तिला काहीतरी. पीएच.डी. झाली, पेढे वाटून झाले. आता म्हणते पोस्टडॉक करायचंय! तेही परदेशात. दोन वर्षं. त्यात चाळीस दिवस बोटीवर! वयाची तिशी आली. अजून किती शिकणार ही?”

‘ही’ म्हणजे माझी भाची. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. केलं आणि नंतर समुद्रविज्ञानात पीएच.डी. तिचा विषय ताईला अजून नीट सांगता येत नाही. नातेवाइकांनी विचारलं तर ती “समुद्राचं काहीतरी करते” म्हणून वेळ मारून नेते. मी तरी कुठे नीट विचारलं होतं म्हणा! म्हणून त्या रविवारी मुद्दाम ताईकडे गेले. माझी आईही तिथेच असते. दुपारी जेवणं झाल्यावर भाचीला म्हटलं, “बस इथे आणि समजावून सांग. मला नाही, आजीला.”

“आजी, न्हाणीघरातल्या बादलीत तू आधी गार पाणी घेतेस आणि वरून गरम ओततेस. न ढवळता हात घातलास तर काय होतं?”

“वर चटका, तळाला गारठा,” आई म्हणाली.

“मग तू काय करतेस?”

“तांब्याने ढवळते. दुसरं काय करणार?”

“समुद्राचंही तसंच आहे. वर उन्हाने तापलेलं हलकं पाणी, खाली थंड, जड पाणी. आपणहून ते सहजी मिसळत नाही. कुणीतरी ढवळावं लागतं. कोण ढवळतं, किती ढवळतं आणि त्याने काय होतं, ते मी मोजते.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. पाच वर्षं जे कळलं नव्हतं, ते पाच मिनिटांत कळलं!

मैत्रिणींनो, त्या दुपारी मी जे ऐकलं आणि नंतर वाचून काढलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण तुमच्याही घरात किंवा शेजारी विज्ञान शिकलेली अशी एखादी मुलगी असेल आणि तिलाही हाच प्रश्न ऐकावा लागत असेल.

समुद्र ढवळतो तो वारा आणि दुसरा आपला चंद्र. भरती-ओहोटीचं पाणी समुद्रतळाच्या डोंगरांवरून जातं तेव्हा पाण्याच्या आतल्या आत प्रचंड लाटा उठतात. किनाऱ्यावर दिसतात तशाच या लाटाही फुटतात आणि फुटताना वरचं-खालचं पाणी एकमेकांत घुसळून टाकतात. वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हिशोब मांडला. खोल समुद्राचे थर आज आहेत तसे राहण्यासाठी सुमारे दोन टेरावॉट, म्हणजे वीस लाख मेगावॉट इतकी शक्ती सतत ढवळण्यात खर्च व्हावी लागते. आपलं कोयनेचं वीजकेंद्र सुमारे १,९६० मेगावॉटचं. म्हणजे हजारेक कोयना रात्रंदिवस चालाव्यात, एवढी ही रवी मोठी!

गंमत म्हणजे एवढं अवाढव्य काम घडतं ते शेवटी सेंटिमीटरभर आकाराच्या भोवऱ्यांतून. ते मोजायला एक लांबट नळकांड्यासारखं यंत्र जहाजावरून पाण्यात सोडतात. त्याच्या टोकाला अगदी नाजूक सेन्सर असतात. ते खाली जाताना पाण्याची बारीकशी थरथरही टिपतं. मग वर ओढायचं, परत सोडायचं. रात्री दोन वाजतासुद्धा. जहाजाचा एका दिवसाचा खर्च इतका असतो की समुद्रात असताना सगळ्यांनी एकदम झोपून चालतच नाही.

“पण हे मोजून मिळतं काय?” ताईने विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता.

मिळतो तो पावसाचा आणि वादळाचा अंदाज. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती अशा नद्या गोडं पाणी आणून ओततात. वरून पाऊस असतोच. हे पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर पातळ सायीसारखं पसरून राहतं. हा वरचा थर कधी कधी जेमतेम दहा-पंधरा मीटरचा असतो. वारा आला तरी खालचं थंड पाणी सहज वर येत नाही. एरवी चक्रीवादळ समुद्र ढवळतं, खालचं गार पाणी वर आणतं आणि त्यानेच त्याची ताकद थोडी कमी होते. पण हा गोड्या पाण्याचा थर मध्ये आला की पृष्ठभाग गरमच राहतो आणि वादळाला ऊब मिळत राहते. मान्सूनचे ढगही या उबेवर पोसतात. आता हवामानाचा अंदाज करणाऱ्या संगणकाच्या मॉडेलमध्ये समुद्राचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो. त्यात सेंटिमीटरचे भोवरे बसणार कसे? म्हणून ढवळणं किती होतं, हे सूत्राने सांगावं लागतं. ते सूत्र चुकलं की पुढचं गणितही बिघडतं. ही मोजमापं लागतात ती त्यासाठी.

हे सगळं आम्हा बहिणींना परकं नाही. आमचं माहेर श्रीवर्धनजवळचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्या वाडीतल्या सुपारीच्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक काही तासांत आडवी झाली. बाबांनी लावलेली झाडं होती ती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. त्या दोन्ही वेळी वादळ येणार हे आधी कळलं, माणसं हलवता आली, हे विसरून चालणार नाही. पण वादळ अचानक किती जोर धरेल, हे सांगणं आजही अवघड आहे. भाची म्हणाली, “मावशी, मी एकटी काही वादळ अडवणार नाही. पण त्या गणितातला एक आकडा तरी नीट करीन.” तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लगेच उठून चहा टाकायला गेली, हा भाग वेगळा.

तर मुद्दा पोस्टडॉकचा. सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू या. पोस्टडॉक म्हणजे ‘आणखी एक डिग्री’ नव्हे. यात परीक्षा नसते, फी नसते, उलट पगार असतो. डॉक्टर झालेली मुलगी जशी एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात दोन-तीन वर्षं हात बसवते, तसंच काहीसं. आपल्याकडे याच कामाला पुष्कळदा ‘रिसर्च असोसिएट’ म्हणतात. सरकारी प्रकल्पांत १ जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन दरमहा ५८ हजार ते ६७ हजार रुपये ठरवलेलं आहे, शिवाय घरभाडे भत्ता. तेव्हा “शिकतेय अजून” असं म्हणणं आधी बंद करू या. ती नोकरी करते आहे. आणि पुढे प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ म्हणून कायमची जागा हवी असेल, तर बहुतेक ठिकाणी या दारातूनच आत जावं लागतं.

ही दारं कुठे आहेत? अगदी जवळसुद्धा आहेत. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून उभी आहे. तिची मुंबईतही शाखा आहे. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्यात पाषाणला उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम आहे, हैदराबादला मच्छीमारांना आणि किनाऱ्याला सूचना देणारी इन्कॉइस आहे, बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था आहे. भारताच्या भूविज्ञान मंत्रालयाने ‘ओशन मिक्सिंग अँड मान्सून’ याच नावाचा कार्यक्रम हाती घेतला होता. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आपलं ‘सागर निधी’ आणि अमेरिकेचं ‘रॉजर रेव्हेल’ या जहाजांनी बंगालच्या उपसागरात हे ढवळणं मोजलं. २०२३ मध्ये अरबी समुद्रातही अशी भारत-अमेरिका मोहीम सुरू झाली. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातला आहे.

फेलोशिप म्हणाल, तर राष्ट्रीय पोस्ट डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. आधी ती एसईआरबी देत असे, आता ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आलं आहे. तिची वयोमर्यादा ३५ ठेवलेली होती आणि स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत होती. संसारामुळे ज्यांच्या कामात खंड पडला त्यांच्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ‘वाईज-किरण’ ही योजना आणली. परदेशात अमेरिकेतल्या वुड्स होलची पोस्टडॉकची शिष्यवृत्ती दीड वर्षाची असते. समुद्र ढवळण्याच्या अभ्यासात सॅन दिएगोची स्क्रिप्स संस्था, ओरेगन स्टेट विद्यापीठ, सिअ‍ॅटल, इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन, वेल्समधलं बँगॉर, नॉर्वेतलं बर्गन ही ठिकाणं नावाजलेली आहेत. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपमध्ये पीएच.डी.नंतरची वर्षं मोजताना मुलांसाठी घेतलेला खंड धरत नाहीत आणि कुटुंब असेल तर वेगळा भत्ता देतात. जर्मनीची हम्बोल्ट फेलोशिपही नवरा-मुलांचा विचार करते. अमेरिकेत मात्र २०२५ मध्ये संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली आणि व्हिसाचे नियम कडक झाले, तेव्हा एकाच टोपलीत सगळे अर्ज टाकू नयेत. नियम दर वर्षी बदलतात, ते त्या त्या वर्षी वाचूनच अर्ज करावा.

आणि समुद्रविज्ञानच शिकलेलं पाहिजे असंही नाही बरं का! फिजिक्स, गणित, मेकॅनिकल किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग, हवामानशास्त्र अशा कुठल्याही वाटेने मुली इथे येतात. प्रवाही पदार्थांचं गणित पक्कं हवं आणि आकडेवारीशी झटापट करण्यापुरतं प्रोग्रामिंग यायला हवं.

मग अडतं कुठे? अडतं वयाच्या हिशोबात. पीएच.डी. होते अठ्ठावीस-तीसला. पोस्टडॉक तिशी ते पस्तिशीत. आपल्याकडे हीच वर्षं लग्नाची, बाळंतपणाची. मुलगा पोस्टडॉकला निघाला की घरचे लोक पेढे वाटतात, त्याच्यामागे बायको नोकरी सोडून जाते आणि त्याला कुणी ‘त्याग’ही म्हणत नाही. मुलगी निघाली की प्रश्न येतो, “मग लग्नाचं काय?” लग्न झालेलं असलं तर “नवऱ्याचं काय?” आणि मूल असलं तर मग बोलायलाच नको.

यातलं मी काही ऐकीव सांगत नाही. १९८९ साली एम.एस्सी. झाल्यावर मलाही एका संस्थेत संशोधनाची जागा मिळाली होती. मुलाखतीत पहिला प्रश्न विषयावरचा होता, दुसरा होता “लग्न कधी करणार?” तिथे सगळे हसले, मीसुद्धा हसले. दोन वर्षांनी मुलगा झाला. सहा महिन्यांनी परत गेले तर माझं टेबल दुसऱ्याला दिलेलं होतं आणि माझे प्रयोग त्याच्या वहीत. मला कुणी जा म्हटलं नाही. पण ये असंही कुणी म्हटलं नाही. मीच राजीनामा लिहून दिला. आई तेव्हा म्हणाली होती, “बरंच झालं, लेकराकडे लक्ष देता येईल.” तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आज वाटत नाही. मला कॉलेजात शिकवायला मिळालं, आयुष्य वाईट गेलं नाही. पण त्या वहीचं पुढे काय झालं, हे मनातून जात नाही.

आणि समुद्र तर बायकांना आणखी लांबचा. अमेरिकेतसुद्धा कित्येक वर्षं संशोधनाच्या जहाजावर स्त्रियांना घेत नसत. कारण काय, तर वेगळं न्हाणीघर नाही! १९५६ साली रॉबर्टा आइक नावाची वुड्स होलमधली विद्यार्थिनी या नियमाला कंटाळून जहाजावर लपून बसली. ती सापडली आणि तिला आपली फेलोशिप गमवावी लागली. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच संस्थेच्या एलिझाबेथ बन्स एका सागरी मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ झाल्या. समुद्रतळाचा नकाशा काढणाऱ्या मेरी थार्प यांनी तर बरीच वर्षं पुरुष सहकाऱ्यांनी जहाजावरून आणलेल्या आकड्यांवर काम केलं. कारण त्यांना स्वतःला जहाजावर जायला मिळत नव्हतं.

आपल्याकडची गोष्टही अभिमानाची आहे. नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत यांनी हवाई आणि लंडनला पुढचं शिक्षण घेतलं आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत त्या रुजू झाल्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. तिथे पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्री शास्त्रज्ञ. अदितीताईंचा विषय समुद्रातल्या जीवसृष्टीचा, ढवळण्याचा नव्हे. पण मराठी घरातली मुलगी महिनोन् महिने जहाजावर आणि बर्फात काम करू शकते, हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. मग आज आपण “बोटीवर कशी राहील?” असं विचारतो, ते कशासाठी?

आता जहाजांवर वेगळ्या खोल्या आहेत. अमेरिकेत या विषयातल्या मुली नेमक्या पीएच.डी. आणि पक्की नोकरी यांच्या मधल्या पुलावरून गळतात, हे ध्यानात आल्यावर २००० च्या दशकात ‘एमपॉवर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात ज्येष्ठ स्त्री शास्त्रज्ञ तरुण मुलींच्या लहान गटांशी नियमित बोलत. पैसे कसे मागावेत, मूल कधी व्हावं, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी असेल तर काय करावं... सगळ्यावर. प्रश्न साधे, पण ते विचारायला कुणीतरी हवं असतं. आपल्या संस्थांमध्येही असे गट हवेत. महिला दिनाला एक गुलाबाचं फूल देण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं होईल.

संस्थांना आणखी एक सांगावंसं वाटतं. संशोधन करणाऱ्या मुलींना प्रसूतीची रजा आता नियमाने मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण दोन वर्षांच्या कंत्राटातले सहा महिने रजेत गेले, तर ते शेवटी वाढवून मिळायला हवेत. जहाजाची मोहीम वर्षातून एकदाच असते आणि नेमकी ती हुकली तर पुढच्या मोहिमेत तिचं नाव आधी हवं. नाहीतर रजा कागदावर मिळते आणि काम हातातून जातं. माझ्या टेबलासारखं!

मुलींनाही दोन गोष्टी सांगते. ‘हो’ म्हणण्याआधी बिनधास्त विचारा. कंत्राट किती महिन्यांचं? वाढतं का? जहाजावर किती दिवस? रात्रपाळीला सोबत कोण? तक्रार करायची तर कुणाकडे? जे आकडे मी जमा करणार, त्यावरच्या लेखात माझं नाव पहिलं असेल का? आधी त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या मुलींशी बोला. यात उद्धटपणा काही नाही. स्थळ बघताना आपण चौकशी करतोच ना?

आणि आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना? तुम्हाला तिच्या विषयातलं सगळं कळायला हवं असं नाही. पण एकदा समोर बसवून विचारा तरी. “अजून किती शिकणार?” याऐवजी “नेमकं काय करणार आहेस?” एवढंच विचारा.

ताईचं टेन्शन गेलंय असं मी म्हणणार नाही. एक स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, पण त्याच्या आईचं म्हणणं “दोन वर्षं कशाला थांबायचं?” भाचीने शांतपणे सांगितलं, “थांबू नका. लग्न करून जाईन किंवा न करता जाईन, पण जाईन.” त्यांच्याकडून अजून निरोप नाही. भाऊजी काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी गुपचूप मोठी सूटकेस माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

आणि आमची आई? १९९१ साली मला “बरंच झालं” म्हणणारी? ती आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बादलीतल्या पाण्याची गोष्ट सांगते. काल शेजारच्या काकूंनी विचारलं, “नात अजून शिकतेच आहे का हो?”

आई म्हणाली, “शिकणं संपलं तिचं. आता नोकरीला लागली. समुद्रावर आहे.”